विलग कार्यशाळेसाठी फीडर व सर्किट ब्रेकरची निवड

विलग कार्यशाळेचा फीडर म्हणजे मुख्य इमारतीतील वितरण फलकापासून त्याच आवारातील, परंतु मुख्य इमारतीला लागून नसलेल्या कार्यशाळेच्या उपवितरण फलकापर्यंत वीज नेणारी केबल होय. या केबलच्या आरंभी एक सर्किट ब्रेकर बसवलेला असतो. परसातील सुतारकामाची शेड, शेतावरील अवजारदुरुस्तीची खोली, घरामागील लेथ किंवा वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप ही विलग कार्यशाळेची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा ठिकाणी कोणत्या क्षमतेचा ब्रेकर आणि किती जाडीची केबल वापरावी, हे कार्यशाळेचा भार, केबल टाकण्याची पद्धत, दोन इमारतींमधील अंतर आणि अर्थिंगची रचना या चार गोष्टींवर ठरते.

महाराष्ट्रात वीज वितरण कंपनीच्या ११ किलोव्होल्ट वाहिनीलाही 'फीडर' म्हटले जाते (उदा. गावठाण फीडर, कृषी फीडर). प्रस्तुत लेख ग्राहकाच्या आवारातील, मीटरनंतरच्या फीडरविषयी आहे.

## मूलभूत तत्त्व

फीडरच्या आरंभी असलेला सर्किट ब्रेकर कार्यशाळेतील यंत्रांचे नव्हे, तर फीडरच्या तारेचे रक्षण करतो. तारेतून विद्युतधारा वाहताना निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. तारेवरील पीव्हीसी आवरण सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंत आणि एक्सएलपीई आवरण ९० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. ही मर्यादा वारंवार ओलांडली गेल्यास आवरण कडक होऊन तडकते, आणि पुढे शॉर्ट सर्किट व आग यांचा धोका निर्माण होतो. त्यामुळे तार मर्यादेबाहेर तापण्यापूर्वी पुरवठा तोडणे हे ब्रेकरचे काम ठरते.

यावरून निवडीचा पायाभूत नियम मिळतो. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या (आयईसी) ६०३६४ या मानकात आणि भारतीय मानक आयएस ७३२ मध्ये तो पुढीलप्रमाणे आहे:

मागणीची धारा ≤ ब्रेकरची नियत धारा ≤ केबलची धारावहन क्षमता

मागणीपेक्षा ब्रेकर लहान असेल तर तो काम चालू असताना वारंवार पडतो. ब्रेकर केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा असेल तर तो पडत नाही आणि केबल तापत राहते. पहिली चूक लगेच लक्षात येते. दुसरी बहुधा वर्षानुवर्षे दडून राहते. वारंवार पडणारा ब्रेकर काढून केबल न बदलता अधिक क्षमतेचा ब्रेकर बसवणे ही म्हणूनच गंभीर चूक मानली जाते. ३३ अँपिअर क्षमतेच्या केबलवर ६३ अँपिअरचा ब्रेकर बसवून तेवढी धारा वाहू दिल्यास केबलमधील उष्णता साडेतीन पटींहून अधिक होते आणि तरीही ब्रेकर पडत नाही.

## भाराचा अंदाज

फीडरची मागणी ठरवताना कार्यशाळेतील सर्व यंत्रांच्या क्षमतेची सरसकट बेरीज करत नाहीत. एकट्या कारागिराच्या कार्यशाळेत करवत, रंधायंत्र आणि ड्रिल मशीन एकाच वेळी चालत नाहीत. त्यामुळे एकाच वेळी चालू शकणाऱ्या यंत्रांचा सर्वांत मोठा गट शोधला जातो. त्यात स्वतःहून सुरू होणारी यंत्रे धरणे आवश्यक असते. एअर कॉम्प्रेसर टाकीतील दाब कमी होताच आपोआप सुरू होतो, मग त्या वेळी करवत चालू असो वा नसो. भुसा ओढणारा पंखा तर करवतीबरोबरच चालतो. दिवे, पंखे आणि बॅटरी चार्जर यांचा भार कायम धरला जातो. वेल्डिंग यंत्र असल्यास त्याच्या पाटीवरील प्रदाय धारा स्वतंत्रपणे विचारात घेतात.

विद्युत मोटारीच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिने दिलेली यांत्रिक शक्ती असते. ती वीजपुरवठ्यातून घेत असलेली शक्ती त्याहून जास्त असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के आणि शक्तिगुणक ०.८५ धरल्यास २३० व्होल्टवर तिची पूर्ण भाराची धारा सुमारे १०.२ अँपिअर येते. केवळ १,४९२ वॅट भागिले २३० व्होल्ट असे गणित केल्यास उत्तर ६.५ अँपिअर येते, आणि फीडर कमी क्षमतेचा निवडला जातो. मोटारीच्या पाटीवर धारा दिलेली असल्यास तीच ग्राह्य धरावी असा संकेत आहे.

मोटार सुरू होताना काही क्षण पूर्ण भाराच्या सुमारे सहा ते आठ पट धारा घेते. या आरंभधारेमुळे केबल लक्षणीय तापत नाही, कारण ती अल्पकाळ टिकते; मात्र ब्रेकरचा प्रकार निवडताना आणि दाबातील घट तपासताना तिचा विचार करावा लागतो.

## सर्किट ब्रेकर

घरगुती व लहान कार्यशाळांत लघु सर्किट ब्रेकर, म्हणजेच एमसीबी, वापरला जातो. आयईसी ६०८९८-१ या मानकानुसार त्याच्या प्रचलित नियत धारा ६, १०, १६, २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ८०, १०० आणि १२५ अँपिअर अशा आहेत. एमसीबीमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. द्विधातू पट्टी तापून वाकते आणि दीर्घकाळ चाललेल्या अतिभारावर पुरवठा तोडते. विद्युतचुंबकीय कुंडल शॉर्ट सर्किटच्या मोठ्या धारेवर तत्काळ कार्य करते.

६३ अँपिअरपर्यंतच्या एमसीबीने नियत धारेच्या १.१३ पटीवर तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पटीवर तासाभराच्या आत पडलेच पाहिजे, अशी मानकाची अट आहे. म्हणजे ३२ अँपिअरचा एमसीबी ३६ अँपिअरला लगेच पडेल अशी अपेक्षा करता येत नाही. तत्काळ पडण्याच्या मर्यादेनुसार एमसीबीचे तीन प्रकार आहेत:

- बी प्रकार: नियत धारेच्या ३ ते ५ पट. दिवे, गिझर यांसारख्या भारांसाठी.
- सी प्रकार: ५ ते १० पट. साधारण मोटारी आणि मिश्र भारांसाठी.
- डी प्रकार: १० ते २० पट. जड आरंभधारेची यंत्रे, वेल्डिंग यंत्रे व ट्रान्सफॉर्मर यांसाठी.

वर दिलेल्या दोन अश्वशक्तीच्या मोटारीची आरंभधारा सहा पट धरल्यास सुमारे ६१ अँपिअर होते. १६ अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो. त्यामुळे अशी मोटार सुरू करताना तो पडण्याची शक्यता असते. सी प्रकाराची मर्यादा ८० अँपिअरपासून सुरू होत असल्याने तेथे ही अडचण सहसा येत नाही. अशा वेळी ब्रेकरची नियत धारा वाढवण्यापेक्षा त्याचा प्रकार बदलणे योग्य ठरते. मात्र डी प्रकार निवडल्यास तत्काळ पडण्यासाठी बरीच मोठी दोषधारा लागते आणि लांब फीडरच्या टोकाला ती मिळेल की नाही, हे तपासावे लागते.

किटकॅट फ्यूजमधील वितळतार तिच्या नियत धारेच्या सुमारे दुप्पट धारेपर्यंत तग धरू शकते. त्यामुळे ब्रिटिश नियमांनुसार अशा फ्यूजची नियत धारा केबलच्या क्षमतेच्या ०.७२५ पटीहून अधिक ठेवत नाहीत. फ्यूजमध्ये हाताला येईल ती जाड तार बांधल्यास संरक्षण जवळजवळ नाहीसे होते.

## केबलची धारावहन क्षमता

केबलची धारावहन क्षमता केवळ तिच्या जाडीवर नव्हे, तर तिची उष्णता बाहेर कशी पडते यावरही अवलंबून असते. तीच केबल उघड्या हवेत, भिंतीतील पाइपात, जमिनीखालील नळीत किंवा थेट मातीत टाकली असता तिची क्षमता वेगवेगळी येते. आजूबाजूचे तापमान वाढल्यास आणि एकाच नळीत अनेक भारित केबली टाकल्यास क्षमता घटते.

पुढील तक्त्यात तांब्याच्या पीव्हीसी आवरणाच्या केबलची आकडेमोडीस उपयुक्त मूल्ये दिली आहेत. क्षमता आयईसी ६०३६४-५-५२ मधील जमिनीखालील नळीत टाकलेल्या, दोन भारित वाहकांच्या केबलसाठी आणि जमिनीचे तापमान २० अंश असताना आहे.

| छेद (चौ. मिमी) | २० अंशांवरील रोध (ओहम प्रति किमी) | क्षमता (अँपिअर) | सिंगल फेज दाबघट (मिलिव्होल्ट प्रति अँपिअर प्रति मीटर) |
|---|---|---|---|
| २.५ | ७.४१ | २९ | १७.७ |
| ४ | ४.६१ | ३७ | ११.० |
| ६ | ३.०८ | ४६ | ७.४ |
| १० | १.८३ | ६० | ४.४ |
| १६ | १.१५ | ७८ | २.८ |
| २५ | ०.७२७ | ९९ | १.७ |

दाबघटीचा आकडा वाहक ७० अंशांवर असताना आणि जाणारी व परत येणारी अशा दोन्ही तारा धरून काढलेला आहे. महाराष्ट्रातील जमीन २० अंशांपेक्षा उष्ण असल्याने सुधारणा गुणक लावावा लागतो. पीव्हीसी केबलसाठी जमिनीचे तापमान ३० अंश असल्यास हा गुणक ०.८९ आणि ३५ अंश असल्यास ०.८४ आहे. उघड्यावरील केबलसाठी मूळ तापमान ३० अंश धरलेले असते. पत्र्याच्या शेडखाली हवा ४५ अंशांवर गेल्यास गुणक ०.७९ इतका खाली येतो.

ॲल्युमिनियमची केबल स्वस्त व हलकी असते, परंतु तिचा रोध अधिक असतो. १६ चौ. मिमी ॲल्युमिनियमचा रोध १.९१ ओहम प्रति किमी, म्हणजे १० चौ. मिमी तांब्याच्या जवळपास असतो. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर जमत असल्याने त्याचे जोड योग्य लग वापरून घट्ट करावे लागतात. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पीळ देऊन जोडल्यास तो जोड कालांतराने सैल होऊन तापतो.

## अंतर व दाबातील घट

मुख्य इमारतीतील परिपथांच्या तुलनेत विलग कार्यशाळेच्या फीडरचे वेगळेपण त्याच्या लांबीत आहे. धारावहन क्षमता लांबीवर अवलंबून नसते, परंतु रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि त्यामुळे कार्यशाळेत पोहोचणारा विद्युतदाब कमी होतो. यालाच दाबघट किंवा व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. आयईसीच्या शिफारशीनुसार सार्वजनिक पुरवठ्यावरील संचमांडणीत आरंभापासून शेवटच्या उपकरणापर्यंतची एकूण घट दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर उपयोगांसाठी ५ टक्के यांहून अधिक नसावी. कार्यशाळेतील अंतर्गत तारांतही थोडी घट होत असल्याने फीडरमधील घट २ ते २.५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे सोयीचे असते.

दाब कमी मिळाल्यास मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. भार तोच राहिल्यास मोटार जास्त धारा घेते व तापते. ग्रामीण भागात पुरवठ्याचा दाब मुळातच कमी असताना बारीक व लांब फीडरमुळे परिस्थिती अधिक बिघडते. मोटार 'उचलत नाही', दिवे मंदावतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात मोटारीची वेटोळी जळतात.

### उदाहरण

घराच्या वितरण फलकापासून केबलच्या मार्गाने ४० मीटरवर सुतारकामाची कार्यशाळा आहे, पुरवठा २३० व्होल्ट सिंगल फेज आहे आणि केबल जमिनीखालील नळीतून न्यायची आहे, असे समजू. जमिनीचे तापमान ३० अंश धरू. एकाच वेळी चालू शकणारा भार असा आहे:

- चक्राकार करवत, २ अश्वशक्ती: १०.२ अँपिअर
- कॉम्प्रेसर, २ अश्वशक्ती: १०.२ अँपिअर
- भुसा ओढणारा पंखा, १ अश्वशक्ती: ५.१ अँपिअर
- दिवे, पंखे व चार्जर: २.५ अँपिअर

एकूण मागणी २८ अँपिअर होते. निरनिराळ्या भारांचे शक्तिगुणक वेगळे असल्याने प्रत्यक्ष धारा किंचित कमी येते, पण साधी बेरीज सुरक्षित बाजूची आहे. त्यापुढील प्रचलित ब्रेकर ३२ अँपिअरचा असल्याने तो निवडला.

उष्णतेच्या दृष्टीने केबलची सुधारित क्षमता किमान ३२ अँपिअर हवी. ३२ भागिले ०.८९ म्हणजे सुमारे ३६ अँपिअर. तक्त्यातील ४ चौ. मिमी केबलची क्षमता ३७ अँपिअर, म्हणजे ३० अंशांच्या जमिनीत सुमारे ३३ अँपिअर आहे. त्यामुळे ही केबल पहिल्या कसोटीला जेमतेम उतरते.

दाबघटीची कसोटी लावल्यावर मात्र चित्र बदलते. २८ अँपिअर व ४० मीटरसाठी निरनिराळ्या छेदांची घट पुढीलप्रमाणे येते:

- ४ चौ. मिमी: १२.३ व्होल्ट, ५.४ टक्के
- ६ चौ. मिमी: ८.३ व्होल्ट, ३.६ टक्के
- १० चौ. मिमी: ४.९ व्होल्ट, २.१ टक्के

४ चौ. मिमी केबलमध्ये एकूण संचमांडणीला अनुज्ञेय असलेली घट एकट्या फीडरमध्येच ओलांडली जाते. ६ चौ. मिमी केबल दिव्यांसाठीच्या मर्यादेत बसत नाही. म्हणून १० चौ. मिमी केबल निवडली जाते, ब्रेकर मात्र ३२ अँपिअरचाच राहतो.

इतर यंत्रे चालू असताना करवत सुरू केल्यास क्षणिक धारा सुमारे ७९ अँपिअर होते. त्या क्षणी ४ चौ. मिमी केबलमध्ये सुमारे ३५ व्होल्ट, म्हणजे १५ टक्के, आणि १० चौ. मिमी केबलमध्ये सुमारे १४ व्होल्ट, म्हणजे ६ टक्के घट होते. १५ टक्के घटीत मोटारीचा आरंभीचा पीळ सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. आरंभधारेचा शक्तिगुणक कमी असल्याने प्रत्यक्ष घट याहून थोडी कमी असते, तरी दोन केबलींमधील फरक स्पष्ट आहे.

## अर्थिंग आणि गळतीपासून संरक्षण

योग्य निवडलेला एमसीबी तार जळण्यापासून वाचवतो, परंतु विजेचा धक्का बसण्यापासून संरक्षण देईलच असे नाही. ज्या संचमांडणीत यंत्रांची धातूची अंगे केवळ ग्राहकाच्या स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेली असतात, तिला टीटी प्रणाली म्हणतात. तेथे दोषधारेला ग्राहकाच्या खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जावे लागते. दोन्ही अर्थिंगचा रोध प्रत्येकी ५ ओहम धरल्यास दोषधारा २३० भागिले १० म्हणजे केवळ २३ अँपिअर होते. ३२ अँपिअरचा ब्रेकर या धारेवर पडतच नाही. दरम्यान यंत्राचे अंग २३ गुणिले ५ म्हणजे ११५ व्होल्टवर राहते, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

यासाठी गळतीधारेवर कार्य करणारा ब्रेकर, म्हणजेच आरसीसीबी, आवश्यक ठरतो. टीटी प्रणालीत अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबीची नियत गळतीधारा यांचा गुणाकार ५० व्होल्टपेक्षा अधिक नसावा, अशी अट आहे. फीडरच्या आरंभी ३०० मिलिअँपिअरचा विलंबित, म्हणजे एस प्रकारचा आरसीसीबी आणि कार्यशाळेतील परिपथांवर ३० मिलिअँपिअरचा तत्काळ कार्य करणारा आरसीसीबी अशी रचना केल्यास कार्यशाळेतील गळतीमुळे घरातील वीज जात नाही. फीडरच्या आरंभी विलंब नसलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्यास बिघाडाच्या वेळी कोणता आधी पडेल याची शाश्वती नसते. आरसीसीबी अतिभारापासून संरक्षण देत नाही. त्यामुळे तो एमसीबीला पर्याय नसून पूरक असतो.

पुरवठादाराकडून स्वतंत्र अर्थ वाहक मिळत असल्यास, म्हणजे टीएन-एस प्रणालीत, दोषधारा धातूच्या मार्गाने परतते आणि ती बरीच मोठी असते. तेथे संपूर्ण दोषमार्गाचा संरोध इतका कमी असावा लागतो की ब्रेकर वेळेत पडेल. ३२ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला खात्रीने तत्काळ पडण्यासाठी ३२० अँपिअर लागतात. त्यासाठी संरोध ०.७२ ओहमपेक्षा कमी हवा. वरील उदाहरणात फेज व अर्थ वाहक दोन्ही १० चौ. मिमीचे असल्यास फीडरचा वाटा सुमारे ०.१८ ओहम येतो. ४ चौ. मिमीच्या केबलमध्ये तो सुमारे ०.४४ ओहम झाला असता. यावरून जाड केबलचा उपयोग दाबापुरता मर्यादित नसल्याचे दिसते.

कार्यशाळेच्या फलकात न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. तेथे त्या जोडल्यास न्यूट्रलची नेहमीची धारा अर्थ वाहकातून आणि यंत्रांच्या अंगांवरून वाहू लागते, तसेच आरसीसीबीचे कार्य बिघडते. कार्यशाळेजवळ अर्थिंगचा वेगळा खड्डा केला तरी टीएन-एस प्रणालीत फीडरसोबतचा अर्थ वाहक वगळता येत नाही, कारण केवळ मातीतून परतणारी दोषधारा ब्रेकर पाडण्याइतकी नसते. न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या खड्ड्यावर दिवा किंवा मोटार चालवण्याचा प्रकार प्राणघातक ठरू शकतो.

## केबल टाकण्याची पद्धत

जमिनीखालून नेण्यासाठी आयएस १५५४ (भाग १) नुसार बनवलेली पीव्हीसी किंवा आयएस ७०९८ (भाग १) नुसार बनवलेली एक्सएलपीई आर्मर्ड केबल वापरतात. घरातील वायरिंगसाठीची आयएस ६९४ ची सुटी तार थेट मातीत पुरण्यासाठी नसते. आयएस १२५५ नुसार कमी दाबाच्या केबलसाठी किमान ७५० मिमी खोली सांगितली आहे. चराच्या तळाशी वाळूचा थर देऊन त्यावर केबल ठेवतात, वर पुन्हा वाळू टाकून विटा किंवा फरश्या रचतात आणि पुढे खोदकाम करणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून इशारा पट्टी पसरतात. केबलचे धातूचे चिलखत दोन्ही टोकांना ग्लँडद्वारे अर्थिंगला जोडले जाते.

मातीच्या प्रकारालाही महत्त्व असते. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे केबलवर ताण येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना थोडी जादा लांबी ठेवतात. कोरडी माती उष्णता कमी वाहून नेते. कोकणात जांभा खडकामुळे खोल चर खणणे कठीण जाते आणि दमट हवेत जोड लवकर गंजतात, म्हणून तेथे जोडपेट्यांच्या जलरोधकतेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. हवेतून केबल नेल्यास ती स्वतःच्या वजनावर लोंबू न देता आधारतारेला बांधली जाते.

कार्यशाळेत केबल प्रवेश करते तेथे सहज हात पोहोचेल असा मुख्य स्विच किंवा आयसोलेटर बसवतात. अपघाताच्या वेळी वीज बंद करण्यासाठी घरापर्यंत धावावे लागू नये, हा त्यामागील हेतू आहे. दिव्यांचा परिपथ यंत्रांच्या परिपथांपासून वेगळा ठेवला जातो, कारण फिरत्या करवतीसमोर अचानक अंधार होणे धोक्याचे असते.

## तीन फेज पुरवठा

मोठ्या मोटारी किंवा लांब अंतर असल्यास तीन फेज फीडर उपयुक्त ठरतो. भार तिन्ही फेजवर समान वाटला गेल्यास प्रत्येक तारेतील धारा सिंगल फेजच्या एक तृतीयांश होते आणि न्यूट्रलमधून धारा वाहत नाही. तेवढीच शक्ती त्याच छेदाच्या केबलमधून नेताना दाबघटीची टक्केवारी सिंगल फेजच्या एक षष्ठांश असते. एखादा फेज गेल्यास मात्र मोटार उरलेल्या दोन फेजवर चालत राहून जळू शकते. ते टाळण्यासाठी स्टार्टरमध्ये अतिभार रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. येथेही फीडरचा ब्रेकर मोटारीचे संरक्षण करत नाही.

## भारतातील नियम

भारतात वीज संचमांडणीची सुरक्षितता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठाविषयक उपाययोजना विनियम, २०२३ यांच्या अधीन आहे. या विनियमांनी २०१० च्या विनियमांची जागा घेतली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७३२ हे वायरिंगविषयी, तर आयएस ३०४३ हे अर्थिंगविषयी आहे. दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता नवीन संचमांडणीचे काम अनुज्ञप्तीधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागते. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री हे व्यवसाय शिकलेल्यांचा समावेश असतो.

कार्यशाळेमुळे एकूण मागणी वाढत असल्यास वीज वितरण कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आवश्यक असते. घरगुती जोडणीवरून व्यावसायिक कार्यशाळा चालवणे हा मंजूर प्रयोजनाबाहेरील वापर ठरू शकतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने होते.

वीज सोडण्यापूर्वी वाहकांचे सातत्य, फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली नसल्याची खात्री आणि अर्थिंगचा रोध तपासला जातो. ५०० व्होल्टच्या मेगरने मोजलेला निरोधन रोध आयईसीच्या मानकानुसार किमान १ मेगओहम असावा लागतो. पुरवठा सुरू झाल्यावर आरसीसीबीची चाचणी कळ दाबून पाहतात व ती चाचणी पुढेही ठरावीक काळाने केली जाते.

## इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत घरांना १२०/२४० व्होल्टचा, मधोमध न्यूट्रल असलेला पुरवठा मिळतो. तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार विलग इमारतीच्या नवीन फीडरमध्ये दोन भारित तारा, न्यूट्रल आणि स्वतंत्र अर्थ वाहक अशा चार तारा असतात. जुन्या आवृत्त्यांत काही अटींवर न्यूट्रललाच अर्थ वाहक म्हणून वापरण्याची मुभा होती; २००८ च्या आवृत्तीपासून नवीन कामांसाठी ती काढून घेण्यात आली. थेट पुरलेल्या केबलसाठी सर्वसाधारणपणे २४ इंच आणि पीव्हीसी नळीतील तारांसाठी १८ इंच खोली सांगितलेली आहे. सतत चालणाऱ्या भारासाठी मागणी सव्वापट धरली जाते.

ब्रिटनमध्ये बीएस ७६७१ हे मानक लागू असून विलग इमारतीसाठी पोलादी तारांच्या चिलखताची केबल सर्रास वापरली जाते. घराच्या पुरवठ्यात न्यूट्रल व अर्थ एकत्र असल्यास, विलग इमारतीसाठी तो अर्थ पुढे न नेता तेथे स्वतंत्र अर्थिंग व आरसीडी असलेली टीटी प्रणाली करण्याचा पर्यायही स्वीकारला जातो. तपशील वेगळे असले तरी भार, ब्रेकर, केबल, दाबघट आणि दोषसंरक्षण हा तपासणीचा क्रम या देशांतही बहुतांशी सारखाच आहे.